तबकडीच्या पोटातली जागा

कोऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन सोनीने फेब्रुवारी २०२५मध्ये थांबवल्यानंतर प्रकाशाने माहिती लिहिण्याचे युग सरले, असा जो सूर उमटला, तो घाईचा आहे. सीडीपासून ब्लू-रेपर्यंत लेसरची तरंगलांबी ७८० नॅनोमीटरवरून ४०५पर्यंत उतरली आणि खुणा बारीक होत गेल्या, तरी लेखन मोजक्या थरांपुरतेच राहिले, १.२ मिलिमीटर जाडीचा बहुतेक भाग नुसत्या आधाराचे काम करत होता.

या जाडीत खोलवर लिहायचे, तर वाटेतल्या थरांना धक्का न लावता प्रकाश नेमक्या बिंदूवर पोहोचवावा लागतो. त्याची गुरुकिल्ली मारिया गोपर्ट-मायर यांच्या १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात आहे आणि तिचे श्रेय त्यांना आजच्या बातम्यांत क्वचितच मिळते. एकच रेणू दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे दोन कण, एकाच वेळी शोषू शकतो, हे त्यांनी गणिताने दाखवले. या शोषणाची शक्यता प्रकाशतीव्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. तीव्रता निम्म्यावर आली की शक्यता चौथ्या हिश्शावर येते, त्यामुळे किरण जिथे एकवटतो तिथेच खूण उमटते आणि वरचे थर कोरे राहतात. १९८९ साली पीटर रेंट्झेपिस आणि त्यांच्या सहकाऱ्याने कॅलिफोर्नियात याच तत्त्वावर त्रिमितीय स्मृती घडवून दाखवली.

शांघायमधील संशोधकांनी २०२४मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलेल्या तबकडीत असे १०० थर, एकमेकांपासून एक मायक्रोमीटरवर, कल्पिले आहेत, एक लेसर लिहितो, तर दुसरा कड्याच्या आकाराचा लेसर खुणेच्या कडेची रासायनिक क्रिया रोखून तिला अधिक बारीक करतो. धारणक्षमता सुमारे २०० टेराबाइट सांगितली जाते आणि मथळे तिथेच थांबतात.

खरी कसोटी लेखनाच्या वेगाची आहे. साउदॅम्प्टन विद्यापीठातील पीटर कझान्स्की यांच्या गटाने काचेच्या एका तबकडीवर ३६० टेराबाइट मावतील, असे म्हटले होते; त्याच गटाने २०२१मध्ये गाठलेला वेग सेकंदाला सुमारे २३० किलोबाइट होता आणि त्या वेगाने तशी तबकडी भरायला जवळपास ५० वर्षे लागतील. अनेक किरणांनी एकाच वेळी लिहिण्याची सोय होईपर्यंत घरच्या संगणकासाठी हे तंत्र निरुपयोगी आहे. एकदाच लिहून शतकानुशतके जपायच्या अभिलेखांसाठी मात्र ते आजही मोलाचे आहे. याच गटाने मानवी जनुकसंच कोरलेला स्फटिक ऑस्ट्रियातील हालश्टाट येथील मिठाच्या खाणीतल्या संग्रहात ठेवला, तो याच उपयोगासाठी.