कापतात जठर, बदलते भूक

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेतली सगळ्यात चक्रावून टाकणारी गोष्ट वजनाची नाहीच, साखरेची आहे. वर्षानुवर्षं मधुमेहाची औषधं घेणारा माणूस ऑपरेशन करून घेतो आणि अनेकदा पहिल्या काही दिवसांतच त्याची साखर उतरू लागते. काट्यावर तोवर फारसा फरक पडलेला नसतो. चरबी जागच्या जागी आणि मधुमेह मात्र मागे सरकलेला! अमेरिकी सर्जन वॉल्टर पोरीस यांनी १९९५ मध्ये अशा रुग्णांवर निबंध लिहिला, तेव्हा त्याचं शीर्षकच 'कुणाला वाटलं असतं?' या अर्थाच्या उद्गाराने सुरू होत होतं.

पोट लहान केलं म्हणून माणूस कमी खातो, एवढ्या सरळ हिशेबात हे बसत नाही. त्यासाठी भूक कुठून येते ते पाहावं लागतं. १९९९ मध्ये कोजिमा आणि कांगावा या जपानी संशोधकांनी घ्रेलिन हे संप्रेरक शोधलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या, फुगीर भागात तयार होतं. जेवणाची वेळ झाली की रक्तात चढतं, जेवल्यावर उतरतं आणि मेंदूला 'खा' म्हणून सांगतं. २००२ मध्ये सिएटलच्या डेव्हिड कमिंग्स यांच्या गटाला दिसलं, की पथ्य पाळून वजन घटवलेल्यांचं घ्रेलिन २४ टक्क्यांनी वाढलं होतं. शरीर गेलेलं वजन परत मागत होतं. जठराची 'बायपास' शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मात्र ते सडपातळ माणसांपेक्षाही ७७ टक्क्यांनी कमी होतं. उपास करूनही वजन पुन्हा चढलं की आपण माणसाच्या निग्रहाला नावं ठेवतो. तो बिचारा स्वतःच्या रक्तातल्या हुकमाशी झुंजत असतो.

आज प्रामुख्याने दोन शस्त्रक्रिया होतात. 'स्लीव्ह'मध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग, घ्रेलिन बनवणाऱ्या फुगवट्यासकट, काढून टाकतात. उरते केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. 'बायपास'मध्ये जठराचा अगदी छोटा कप्पा वेगळा करून तो थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. ही कल्पना आयोवाच्या एडवर्ड मेसन यांनी १९६६ च्या सुमारास प्रत्यक्षात आणली. अल्सरसाठी जठराचा मोठा भाग काढलेल्या रुग्णांचं वजन वाढत नाही, हे ठाऊक होतंच. या दोन्ही शस्त्रक्रियांनंतर अन्न आतड्यात लवकर उतरतं आणि तिथून जीएलपी-१ हे संप्रेरक भरभरून स्रवतं. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं आणि मेंदूला 'पुरे' म्हणून कळवतं. वजन कमी करणारी जी इंजेक्शनं सध्या गाजताहेत, ती याच संप्रेरकाची नक्कल करतात. तरीही कोडं पूर्ण सुटलेलं नाही. ज्या उंदरांत घ्रेलिन मुळातच नसतं, तेही स्लीव्हनंतर बारीक होतात!

महाराष्ट्राला ही शस्त्रक्रिया ओळखीची झाली त्यात एका वैदर्भीय नेत्याचाही वाटा आहे. भाजपचे अध्यक्ष असताना नितीन गडकरी यांनी सप्टेंबर २०११ मध्ये मुंबईत ती करून घेतली आणि गावोगावी तिची चर्चा झाली. पण ती फक्त अतिविशाल देहाच्या माणसांसाठी असते, हा समज चुकीचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२! आपण वरून बारीक दिसूनही आतून चरबी बाळगतो. म्हणूनच आशियाई लोकांसाठी बीएमआय २७.५ पासूनच या शस्त्रक्रियेचा विचार करता येतो, असं २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात.

आता अकोला-वाशीम रस्त्यावरच्या मेडशीसारख्या गावातल्या माणसाने हे ठरवलं, तर? ऑपरेशन नागपूर, पुणे किंवा मुंबईला होईल, पण त्याची तयारी घरच्या चुलीपाशीच सुरू होते. आधीचे सुमारे दोन आठवडे भात, साखर, तेल कमी आणि प्रथिनं जास्त, असं पथ्य असतं. त्यामागे यकृत आहे. त्याचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो आणि दुर्बिणीतून काम करताना सर्जनला तो उचलून धरावा लागतो. यकृतातल्या साठवणीच्या साखरेसोबत तिच्या साधारण तिप्पट पाणी धरलेलं असतं. ती साखर खर्ची पडली की यकृत आक्रसतं आणि वाट मोकळी होते. तंबाखू, विडी, गुटखा बंद करावा लागतो, कारण तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो. नळीतून श्वास आत ओढून यंत्रातले चेंडू उचलायचा फुप्फुसांचा व्यायाम करायचा, घोरणाऱ्याने झोपेत श्वास अडकतो का ते तपासून घ्यायचं, मनाची तयारी समुपदेशकाकडे बोलून घ्यायची. शिवलेल्या जागेतून गळती, रक्ताच्या गुठळ्या हे धोके क्वचितच उद्भवतात, पण ते समजून घेऊनच सही करायची.

नंतरचं खाणं बाळाला नव्याने अन्न लावावं तसं चालतं. आधी पाणी आणि निवळ, मग पातळ ताक, दूध, वरणाचं पाणी. दोनेक आठवड्यांनी घोटलेलं वरण, दही. पुढे मऊ खाणं: ताकातल्या ज्वारीच्या कण्या इथे अगदी चपखल बसतात. भाकर येते सगळ्यात शेवटी, तीही बारीक घास करून, नीट चावून. जेवताना पाणी प्यायचं नाही. घास आणि घोट यांत अर्ध्या तासाचं अंतर ठेवायचं.

खरी अडचण हिशेबाची आहे. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं हवीत आणि वाटीभर वरणातून मिळतात जेमतेम सहा-सात. एका बैठकीत मावणार वाटी, फार तर दीड. म्हणून आधी अंडं, पनीर, सोयाबीनची वडी आणि मगच भाजी-भाकर. वाशीम जिल्ह्याच्या शेतांतून निघणाऱ्या सोयाबीनच्या दाण्यात प्रथिनं तुरीच्या दीडपटीहून जास्त असतात.

पोट भरल्याची खूणही बदलते. काहींना उचकी लागते, काहींना शिंक येते, कुणाचं नाक वाहू लागतं. तो शेवटचा घास समजायचा. गोडाचं गणितही उलटतं. विशेषतः बायपासनंतर जिलबीची साखर थेट आतड्यात धडकते. घाम फुटतो, छाती धडधडते, शौचाला पळावं लागतं. बी-१२ जीवनसत्त्व शोषायला लागणारा घटक जठरातच तयार होतो आणि तो आता कमी पडतो. यकृतातल्या साठ्यामुळे बी-१२ची उणीव उशिरा कळते, तोवर हातापायांना मुंग्या येऊ लागतात. म्हणून बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यायचं आणि दरवर्षी रक्त तपासायचं. दुकानातून सहज आणलेली अंगदुखीची गोळीही आता डॉक्टरांना विचारूनच, कारण त्यातल्या काहींनी बायपासच्या जोडाला जखम होते.

वर्ष-दोन वर्षांनी भूक थोडी परतते. तोवर मुरलेल्या सवयीच पुढे सोबत करतात, आणि सवयी एकट्याच्या नसतात. वऱ्हाडातल्या पंगतीत वाढप्याने आग्रह केला नाही, तर यजमानाला चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. या पाहुण्याला मात्र 'अजून एक घ्या' म्हणण्याआधी थांबायला हवं. त्याने पान अर्धवट टाकलं, तर ती अन्नाची नासाडीही नाही आणि यजमानाचा अपमानही नाही. त्याच्या पानात पहिल्यापासूनच वाटीभर वाढणं, हाच त्याचा पाहुणचार.