यातला मूळ फोटो कोणता?

१ जून २०२१ पर्यंत गूगल फोटोजवर थोड्या कमी दर्जात का होईना, हवे तेवढे फोटो फुकट चढवता येत. त्या दिवसापासून नवे फोटोही जीमेल आणि ड्राइव्हच्या त्याच १५ जीबीत मोजले जाऊ लागले, आणि आपला पसारा केवढा झालाय याकडे बऱ्याच घरांचं पहिल्यांदा लक्ष गेलं. नीट पाहिलं तर हा पसारा फोटोंचा कमी आणि प्रतींचा जास्त असतो. बारशाचा एक फोटो घ्या. मूळ फोटो आत्याच्या फोनमध्ये. घरच्या ग्रुपवर पडला म्हणून तो सगळ्यांच्या फोनमध्ये. त्यातल्या दोघांनी लॅपटॉपवर उतरवला. लॅपटॉप बदलताना तो हार्डडिस्कवर ‘जुना डेटा’ नावाच्या फोल्डरमध्ये गेला आणि पुढच्या खेपेला ‘जुना डेटा नवीन’मध्ये.

जानेवारी २०१८ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने बातमी दिली होती की भारतातले फोन सारखे का तुंबतात हे शोधताना गूगलच्या लोकांना शुभ सकाळच्या चित्रांचे ढीग सापडले. डिसेंबर २०१७ मध्ये आलेलं ‘फाइल्स गो’ हे ॲप अशीच अडगळ काढायला मदत करत होतं. पण गुलाबावरचं दव आणि उगवता सूर्य डोळे मिटून उडवता येतो. अडतं ते घरच्या फोटोंपाशी.

घरच्या फोटोंच्या प्रती शोधण्याचं काम फाइलच्या नावावर विसंबून होत नाही. कॅमेऱ्यांच्या ठरलेल्या पद्धतीत डीसीआयएम फोल्डरमधल्या फाइलला चार अक्षरं आणि चार आकडे मिळतात. ९९९९ झाले की मोजणी पुन्हा ०००१ पासून. म्हणजे एकाच कॅमेऱ्याच्या ‘डीएससी_०४१२’ नावाच्या दोन फाइलींत एकीत मुंज आणि दुसरीत गणपती असू शकतो. उलट एकच फोटो तीन नावांनी नांदत असतो. म्हणून डुप्लिकेट शोधणारी सॉफ्टवेअर नाव बाजूला ठेवतात. आधी फाइलींचा आकार जुळवतात. ज्यांचा आकार बाइटन्‌बाइट सारखा, त्यांचाच मग हॅश काढतात. रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी १९९१ मध्ये तयार केलेली एमडी५ ही पद्धत कुठल्याही फाइलचं बत्तीस चिन्हांत ठसे घेतल्यासारखं सार काढते. आत एक बाइट जरी बदलला तरी हे सार पार बदलतं. ठरवून एकाच एमडी५ च्या दोन वेगळ्या फाइली बनवता येतात हे २००४ मध्ये सिद्ध झालं, पण आपल्या घरी कोणी तेवढे कष्ट घेत नाही. आकार आणि हॅश दोन्ही जुळले की ती तीच फाइल. अशा प्रती बघत न बसता काढाव्यात.

खरी गुंतागुंत पुढे सुरू होते, कारण चित्र तेच असलं तरी फाइल तीच राहत नाही. फोटो आडव्याचा उभा केला, बाइट बदलले. पिकासासारख्या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणाचं नाव टॅग केलं आणि ते फाइलमध्ये लिहिलं गेलं, बाइट बदलले. व्हॉट्सॲपवरून पाठवला तर फोटो नव्याने दाबून लहान केला जातो. या सगळ्या प्रती एमडी५ च्या नजरेत परक्या ठरतात.

त्यातल्या बहुतेक पकडायला चित्राकडेच बघावं लागतं, आणि गंमत म्हणजे ते जवळजवळ डोळे किलकिले करून बघायचं असतं. डीहॅश नावाच्या पद्धतीत फोटो आधी काळापांढरा करतात आणि लहान करत करत आडवे नऊ, उभे आठ, म्हणजे अवघ्या बहात्तर ठिपक्यांवर आणतात. चेहरे, दागिने, रांगोळी सगळं विरून जातं. उरतो फक्त उजेड-अंधाराचा आराखडा. मग प्रत्येक ओळीत शेजारच्या दोन ठिपक्यांत कोणता उजळ हे नोंदवायचं. ओळीला आठ उत्तरं, आठ ओळींची चौसष्ट. दोन फोटोंची ही चौसष्ट हो-नाही उत्तरं समोरासमोर ठेवून किती ठिकाणी फरक पडतो ते मोजतात. हे अंतर मोजण्याची रीत रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये मांडली. फरक शून्य किंवा दोन-तीनच असेल तर बहुधा तोच फोटो. चौसष्टपैकी तीसेक ठिकाणी फरक असेल तर काही संबंध नाही. पीहॅश ही जास्त कसलेली पद्धत डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म वापरते. तो मांडणाऱ्या १९७४ च्या निबंधाचे पहिले लेखक नासिर अहमद मूळचे बंगळुरूचे, आणि जेपीईजी फाइल दाबली जाते तीही त्याच गणितावर.

पन्नास हजार फोटो एकमेकांशी जुळवायचे तर जवळपास १२५ कोटी जोड्या होतात. काही सॉफ्टवेअर त्या सगळ्या तपासत बसत नाहीत, आधी गट पाडून घेतात. डिजिकॅम, डुपगुरू, च्काव्का यांसारखी फुकट सॉफ्टवेअरसुद्धा साध्या लॅपटॉपवर हे काम उरकतात.

पण बहात्तर ठिपक्यांच्या नजरेला जे दिसत नाही ते लक्षात ठेवायला हवं. पांढऱ्या कागदावरचा काळा मजकूर तिला सगळा सारखाच. दोन गटांचे सातबारा, दोन मुलांच्या गुणपत्रिका, भाडेकराराचं पान तीन आणि पान चार ‘एकसारखे फोटो’ म्हणून एका गटात येतात. रात्री आकाशात उडवलेल्या फटाक्यांचंही तेच. लग्नात अक्षता पडतानाचे सलग दहा फोटो ती एकच मानते, आणि त्यातल्या एकातच नवरीचे डोळे उघडे असतात. उलट फोटो आडव्याचा उभा केला, बराच कापला किंवा सेल्फी आरशासारखी उलटली तर जुळं असूनही ती ओळखत नाही. म्हणून सॉफ्टवेअरने काढलेल्या यादीवर ‘सगळे निवडा’ हे बटण दाबणं म्हणजे शुद्ध अविचार. कागदपत्रांचं फोल्डर तर आधीच शोधातून वगळावं.

आता समजा जोडी सापडली. एका बाजूला ४०३२ बाय ३०२४ पिक्सेलचा फोनमधला मूळ फोटो, दुसऱ्या बाजूला १६०० बाय १२०० ची, नावात २०१९१०२९ आणि डब्ल्यूए००१३ असलेली व्हॉट्सॲपची प्रत. दुसरीत मूळच्या पिक्सेलचा साधारण सहावा हिस्साच उरला आहे. ३०० डीपीआयने छापायचं म्हटलं तर लांब बाजू जेमतेम सव्वापाच इंच. शिवाय फोटो कधी काढला, कुठल्या कॅमेऱ्याने, कुठे, ही एक्झिफमधली नोंद व्हॉट्सॲप पुसून टाकतं. नावातली तारीख फोटो काढल्याची नसते. २९ ऑक्टोबर २०१९ ला भाऊबीज होती. त्या दिवशी कोणीतरी आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो ग्रुपवर टाकला तर तो २०१९ च्या भाऊबिजेत जाऊन बसतो. आणि नेमकी हीच प्रत लोक ठेवतात, कारण ती फोनमध्ये वर दिसते आणि जागा कमी खाते. दोन्ही प्रती राहिल्या तर थोडी जागा जाते. चुकीची राहिली तर फोटोच जातो. सॉफ्टवेअरमध्ये ‘सर्वांत मोठी ठेवा’ हा पर्याय असतो, तो निवडावा, पण मोठी केलेली लहान प्रतही मोठीच दिसते. एक्झिफ शाबूत आहे का हे बघणं त्याहून भरवशाचं.

आयफोनवर २०२२ च्या आयओएस १६ पासून डुप्लिकेट्स असा अल्बम आपोआप तयार होतो. तिथलं ‘मर्ज’ दर्जाने सरस प्रत ठेवून बाकीच्यांची माहिती तिच्यात घेतं. ही सोय चांगली आहे, वापरावी.

काही जोड्या मात्र जोड्याच राहू द्याव्यात. आयफोनच्या लाइव्ह फोटोबरोबरचा छोटा व्हिडिओ, कॅमेऱ्याची रॉ आणि जेपीईजी, जुन्या फोटोच्या पाठचा स्कॅन, ज्यावर ‘चि. सौ. कां.’ आणि तारीख लिहिलेली असते. गूगल टेकआउटने सगळं उतरवलं तर अल्बममधला फोटो वर्षाच्या फोल्डरमध्येही येतो. त्या प्रती खरोखर जादा, पण अल्बमची रचना हवी असेल तर वर्षातली काढावी. बाहेरच्या डिस्कवरचा बॅकअप या शोधात कधीच जोडू नये. तोही प्रतच आहे, मुद्दाम ठेवलेली. शिवाय सिंक चालू असताना गूगल फोटोजमधून उडवलेला फोटो फोनमधूनही जातो. बॅकअप झालेला असेल तर तो कचरापेटीत साठ दिवस राहतो, नसेल तर तीस.

एवढं करूनही काही फोटोंच्या सगळ्या प्रती व्हॉट्सॲपच्याच निघतात. मूळ कुठेच नाही. अशांची वेगळी यादी करावी आणि काढणाऱ्याला फोन करावा. ‘मावशी, राहुलच्या लग्नातला तो फोटो तुझ्या फोनमध्ये आहे ना? तो फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव.’ डॉक्युमेंट म्हणून आलेली फाइल जशीच्या तशी येते, तारखेसकट. हा फोन दिवाळीच्या सेलआधी झालेला बरा, कारण एक्स्चेंजमध्ये मावशीचा जुना मोबाइल एकदा दुकानदाराकडे गेला की मूळ फोटो त्याच्याबरोबरच गेला.