थायलंडची रोपं मागवताय? आधी परमिट, मग ॲडव्हान्स

या वेळचा व्हिडिओ बघून झाला असेल तर हा लेख शांतपणे वाचा, कारण कागदपत्रांच्या गोष्टी बोलण्यात निसटतात.

आपल्या जुन्या बॅचमधल्या एका मुलाने थायलंडहून तीनशे अडेनियम मागवली. सप्लायर चांगला होता, रोपं दमदार होती, सोबत तिथल्या कृषी विभागाचं फायटोसुद्धा होतं. तरी माल मुंबईत अडकला. का? तर भारताचं आयात परमिट काढलेलंच नव्हतं. "सर, फायटो आहे ना, मग अजून काय पाहिजे?" हा त्याचा फोन मला अजून आठवतो. त्याच्यापुढे दोनच रस्ते उरले: माल परत पाठव किंवा नष्ट कर. खर्च दोन्हीकडे आयातदाराचाच. खोक्यात बंद रोपं परतीचा प्रवास काय सोसणार? त्याने नष्ट करायला सही दिली. सव्वा लाख गेले. पहिल्याच धंद्यातले, आणि त्यातले अर्धे सासऱ्यांकडून घेतलेले.

तर हे दोन कागद वेगवेगळे आहेत, हे आधी डोक्यात पक्कं करा. आयात परमिट आपलं सरकार देतं, तुमच्या नावावर, माल निघायच्या आधी. फायटो, म्हणजे फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, पाठवणाऱ्या देशाचं सरकार देतं. "आम्ही माल तपासला, रोग-कीड नाही" अशी त्यांची हमी. सप्लायरने स्वतःच्या लेटरहेडवर लिहून दिलेलं चालत नाही. आपल्याकडे हे सगळं २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरखाली चालतं, आणि त्याच्या मागचा मूळ कायदा १९१४ चा आहे.

आता खरी मेख. परमिटवर काही अटी छापलेल्या असतात, त्यांना ॲडिशनल डिक्लेरेशन म्हणतात. अमुक कीड नाही, तमुक विषाणू नाही, असं नाव घेऊन. हीच वाक्यं समोरच्या देशाच्या फायटोवर यायला हवीत. म्हणून परमिट हातात आलं की त्याची कॉपी सप्लायरला पाठवायची, तो ती त्यांच्या अधिकाऱ्याला दाखवतो, मग फायटो तयार होतं. क्रम उलटा केलात की फायटो असूनही नसल्यासारखं. आणि वनस्पतीचं शास्त्रीय नाव परमिट, फायटो आणि इनव्हॉइस तिन्हीवर एकच पाहिजे. "डेझर्ट रोझ" लिहून भागत नाही, अडेनियम ओबेसमच लिहा.

पण अर्ज करण्याआधी एक गोष्ट तपासा. ऑर्डरच्या परिशिष्टांत वनस्पती, देश आणि उपयोग अशी जोडी-जोडीने यादी आहे. काही गोष्टींना बंदी, काहींना अटींसह परवानगी. तुमची वनस्पती त्या देशासाठी यादीतच नसेल तर आधी कीड-जोखमीचा अभ्यास होतो, आणि त्याची वाट बघत धंदा उभा राहत नाही. सरळ दुसरी व्हरायटी निवडा.

लागवडीच्या मालाला अजून दोन काटे आहेत. एक, माती. मुळांना माती चिकटलेली चालत नाही, म्हणून रोपं धुऊनच येतात. दुसरा, पोस्ट-एंट्री क्वारंटाइन. काही रोपं आल्यावर ठरलेला काळ मंजूर झालेल्या जागेतच वाढवावी लागतात, तोवर विकायची नाहीत, हलवायची नाहीत. तुमच्या व्हरायटीला हे लागू असेल तर तेवढे दिवस भांडवल अडकून बसणार. समजा दोन लाखांचा माल आहे आणि दोन महिने विक्री शून्य. मजूर, पाणी, शेडनेट मात्र चालूच. हा आकडा कॉस्टिंगमध्ये धरला नाही तर कागदावरचा नफा कागदावरच राहतो.

"मी तर फक्त खायचा माल आणतो" म्हणणाऱ्यांनीही ऐका. कच्चे बदाम, मसाले, कॉफीच्या हिरव्या बिया यांनाही फायटो लागतं. भाजलेली कॉफी किंवा जॅम यांची कथा वेगळी, तिथे प्रश्न एफएसएसएआयचा येतो. आणि माल कोणताही असो, लाकडी खोकी आणि पॅलेट बघून घ्या. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवलेलं किंवा धुरी दिलेलं हवं, आणि त्यावर गव्हाच्या ओंबीचा आयपीपीसीचा शिक्का हवा. मशिनरी मागवणारेही इथे फसतात.

एवढा जाच कशाला, असं वाटतं ना? बांधावरचं गाजर गवत बघा. ते परदेशातून आलेल्या गव्हासोबत इथे शिरलं असं मानलं जातं. १९५०च्या दशकात पुण्यात दिसलं आणि आज शेतकरी त्यापायी खाज, दमा आणि निंदणीची मजुरी सोसतोय.

सप्लायरला ॲडव्हान्स पाठवण्याआधी त्याच्याकडे एकच मागा: याआधी भारतात पाठवलेल्या त्याच रोपाच्या फायटोची कॉपी. ती तुमच्या कस्टम ब्रोकरला दाखवा. कॉपी द्यायला जो टाळाटाळ करेल, त्याच्याकडून पहिली ऑर्डर पन्नास रोपांच्या वर देऊ नका, तीसुद्धा परमिट हातात आल्यावरच.