वाढीव खोली, गाडीचं गॅरेज: काम कुठवर आलं?

परवानगी : जळगाव-धुळ्यात महापालिकेकडून, आधार १९६६ चा नगररचना अधिनियम. प्रारंभ प्रमाणपत्र १ वर्षाचं, पुढे नूतनीकरण.

पाया : तापी खोऱ्यातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खोदाई घट्ट मुरूम लागेपर्यंत. जुनं घर धाब्याचं असेल तर मातीच्या भिंतीवर स्लॅबचा भार नको. नव्या खोलीला स्वतंत्र कॉलम. जुन्या-नव्याच्या सांध्यावरून सलग गिलावा केला, की चीर हमखास तिथेच.

स्लॅब : काँक्रीटच्या आयएस ४५६ मानकानुसार साध्या सिमेंटला किमान ७ दिवस पाणी, पीपीसी (पोझोलाना सिमेंट) किंवा कोरडी, तापलेली हवा असेल तर १०. खानदेशी मे महिन्यात १० च धरावेत. वाफे करून पाणी साठवतात.

टेकू : ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबखाली ७ दिवस, त्याहून मोठ्याखाली १४.

गॅरेज : एका मोटारीला २.५ × ५ मीटर.