जुनी स्पोर्ट्स बाइक पारखताना

नवशिक्या चालकाने जुनी स्पोर्ट्स बाइक निवडताना केवळ सीसी न पाहता इंजिनाची ताकद आणि गाडीचे वजन यांचे गुणोत्तर पाहणे अधिक श्रेयस्कर ठरते. कारण यामाहा आर१५ च्या २०१८ मधील आवृत्तीचे १५५ सीसीचे इंजिन सुमारे १९ अश्वशक्ती देते, तर केटीएम आरसी ३९० चे ४० हून अधिक, आणि ओल्या वळणावर थ्रॉटल किंचित जास्त पिळला गेला की हा फरक महागात पडू शकतो. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना भारतात एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली असल्याने त्याआधीच्या गाडीत ती असेलच असे गृहीत धरता येत नाही.

फेअरिंग, म्हणजे इंजिनाभोवतीचे प्लास्टिकचे आवरण, सहज बदलता येते, म्हणून त्याच्या चकाकीला फारसा अर्थ नसतो; गाडी पडल्याच्या खुणा हँडलच्या टोकांवर, ब्रेक लिव्हरच्या गोळीवर आणि फूटरेस्टच्या कडेला सापडतात. हँडल पूर्ण वळल्यावर त्याला अडवणारा चेसिसवरील उंचवटा चेपलेला असेल, तर समोरून जबर धडक बसल्याचा संशय घेऊन सौदा सोडणेच शहाणपणाचे. टायरवरील चार आकडे निर्मितीचा आठवडा व वर्ष सांगतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कर्जाचा बोजा आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, नोंदलेला असल्यास तो उतरवण्यासाठी फॉर्म ३५, तर मालकी हस्तांतरासाठी फॉर्म २९ व ३० लागतात.