कोई माशांचे तळे: आधी गाळणीघर, मग मासे

जपानच्या निइगाता प्रांतातील डोंगराळ भागात भातशेतीच्या पाण्यासाठी शेतकऱ्यांनी तळी राखली होती. बर्फामुळे हिवाळ्यात बाहेरचा संपर्क तुटत असे. त्या दिवसांतील आहारासाठी याच तळ्यांत कार्प मासे पाळले जात. एकोणिसाव्या शतकात त्यांच्या काही पिलांवर लाल व पांढरे रंग दिसू लागले आणि शेतकऱ्यांनी ती पिले निवडून वेगळी वाढवली. १९१४ मध्ये टोकियोत भरलेल्या प्रदर्शनानंतर हे रंगीत मासे जपानभर परिचित झाले. आज ‘कोई’ नावाने ओळखला जाणारा मासा हा असा भातशेतकऱ्यांच्या निवडीतून घडला आहे. आपल्याकडील मत्स्यशेतकरी ज्याला ‘सायप्रिनस’ म्हणतात, त्या कार्पचाच तो आप्त आहे.

सायप्रिनस हा काटक मासा असल्याचा आपला अनुभव आहे. त्यामुळे बागेत किंवा कृषी पर्यटन केंद्रात कोईचे तळे बांधणे सोपे असेल, असा समज होतो. तळे खोदले जाते, दगडी काठ व धबधबा उभा राहतो, मासे सोडले जातात आणि अखेरीस उरलेल्या जागेत एखादी छोटी गाळणी बसवली जाते. पुढील काही आठवड्यांत मासे मरू लागले की दोष बियाण्याला किंवा खाद्याला दिला जातो. मूळ चूक मात्र कामाच्या क्रमात असते.

स्वच्छ पाण्याची किंमत

शेततळ्यात सायप्रिनस चांगला वाढतो, कारण तेथील पाणी हिरवट असते. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. पाण्यातील शेवाळ आणि तळच्या मातीतील जिवाणू तो वापरून टाकतात. कोईच्या तळ्यात मात्र पाहणाऱ्याला तळापर्यंत मासा दिसला पाहिजे. त्यासाठी आपण हिरवे पाणी नको म्हणतो, तळाला माती ठेवत नाही आणि शिवाय माशांची दाटीही वाढवतो. म्हणजेच निसर्ग जे शुद्धीकरण फुकट करत होता, ते आपण स्वतःहून थांबवतो. हेच काम दुसऱ्या जागी करून घ्यावे लागते आणि ती जागा म्हणजे गाळणीघर. त्यामुळे तळ्याचे नियोजन आकारापासून नव्हे, तर रोजच्या खाद्यापासून सुरू करावे.

खाद्यापासून हिशेब

उदाहरणादाखल ८ मीटर लांब, ५ मीटर रुंद व १.५ मीटर खोल तळे घेऊ. त्यात सुमारे ६०,००० लिटर पाणी मावते. पूर्ण वाढलेले, प्रत्येकी सुमारे २ किलो वजनाचे ४० मासे येथे ठेवता येतील. एकूण ८० किलो वजनाला दररोज १ टक्का, म्हणजे ८०० ग्रॅम खाद्य लागेल. खाद्यात ४० टक्के प्रथिने असतील, तर त्यातून रोज सुमारे २९ ग्रॅम अमोनिया-नत्र पाण्यात येते.

हा अमोनिया किती घातक ठरेल, ते पाण्याच्या सामूवर अवलंबून असते. २५ अंश सेल्सिअस तापमानाला सामू ७ असेल, तर एकूण अमोनियाच्या १ टक्क्याहूनही कमी भाग विषारी मुक्त स्वरूपात असतो. सामू ८ ला हा भाग सुमारे ५ टक्के आणि सामू ९ ला एक तृतीयांशाहून अधिक होतो. दख्खनच्या पठारावरील अनेक विंधनविहिरींचे पाणी जड व अल्कधर्मी असते. तेथे अमोनियाचे तेच प्रमाण अधिक मारक ठरते.

अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये व नंतर बऱ्याच अंशी निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू पृष्ठभागाला चिकटून वाढतात. म्हणून जैविक गाळणीत पृष्ठभाग जितका अधिक, तितकी तिची क्षमता अधिक. एक चौरस मीटर पृष्ठभाग दिवसाला ०.२ ग्रॅम अमोनिया-नत्र हाताळतो, असे सावध गृहीतक धरल्यास २९ ग्रॅमसाठी सुमारे १५० चौरस मीटर पृष्ठभाग लागतो. बाजारातील प्लास्टिकच्या लहान चाकांसारख्या माध्यमात एका घनमीटरला सुमारे ५०० चौरस मीटर उपयुक्त पृष्ठभाग मिळतो. हिशेबाने ०.३ घनमीटर माध्यम पुरते. तरीही मासे वाढतील, खाद्य वाढेल हे ध्यानात घेऊन १ घनमीटर भरावे. ते हवेच्या बुडबुड्यांनी सतत फिरत राहावे यासाठी कप्पा २ घनमीटरचा असावा.

गाळणीघराची रचना

तळ्यातील सर्व पाणी दर दोन तासांनी एकदा गाळणीतून जावे. आपल्या उदाहरणात हा प्रवाह ताशी ३०,००० लिटर होतो. त्यासाठी तळाला ११० मिलिमीटर व्यासाचे दोन निचरे आणि पृष्ठभागावरील पाने-कचरा ओढणारा एक स्किमर, अशा तीन स्वतंत्र वाहिन्या ठेवाव्यात व प्रत्येकीला गाळणीघरात स्वतंत्र झडप असावी. तळाला निचऱ्यांकडे उतार द्यावा. कोपरे गोलाकार ठेवून परतीचे पाणी काठालगत तिरके सोडल्यास पाणी संथपणे फिरते आणि विष्ठा आपोआप निचऱ्याकडे सरकते. या वाहिन्या काँक्रीटखाली गाडल्या जातात व पुढे बदलता येत नाहीत. गाळणीघराचा आराखडा खोदकामापूर्वी कागदावर पूर्ण हवा, तो याच कारणासाठी.

पंप तळ्यात न ठेवता सर्व कप्प्यांच्या शेवटी ठेवावा. तळ्यातला पंप विष्ठेचा चुरा करतो आणि तो बारीक चुरा गाळणीत अडकत नाही. पंप शेवटी असल्यास पाणी स्वतःच्या पातळीने कप्प्यांत येते. त्यासाठी कप्प्यांचे काठ व तळ्याचा काठ एकाच पातळीत हवेत. बांधकामाच्या प्रत्येक टप्प्यावर पाण्याच्या नळीने पातळी तपासावी.

कप्प्यांचा क्रम असा ठेवावा. पहिल्या, सुमारे ५,००० लिटरच्या कप्प्यात पाणी दहा मिनिटे थांबते व जड घाण खाली बसते. दुसऱ्यात ब्रशांच्या रांगा किंवा जाळी उरलेले कण अडवतात. तिसरा कप्पा जैविक गाळणीचा आणि चौथा पंपाचा. ऐपत असल्यास पहिल्या दोन कप्प्यांऐवजी स्वयंचलित ड्रम फिल्टर बसवता येतो. मात्र तो विजेवर व धुण्याच्या पाण्यावर चालतो. प्रत्येक कप्प्याच्या तळाला निचरा हवा. कप्पे जमिनीखाली असल्याने हे घाण पाणी कोठे जाणार, हा प्रश्न आधीच सोडवावा. सपाट जमिनीवर वेगळा खड्डा व छोटा पंप लागतो. अन्यथा पहिल्याच पावसाळ्यात गाळणीघरात पाणी भरते.

गाळणीघराला छप्पर, वायुवीजन आणि माणसाला वावरता येईल इतकी वाट ठेवावी. जेथे वाकून, अंधारात काम करावे लागते, ती गाळणी वेळेवर धुतली जात नाही. ओल्या जागेत वीज असल्याने गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण अनिवार्य समजावे.

पंपाची निवडही खर्चाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पाणी केवळ एक मीटरभर उचलायचे असते. कमी उंचीला अधिक पाणी देणारा ३०० वॅटचा पंप दिवसाला सुमारे ७ युनिट वीज घेतो. विहिरीवरचा १ अश्वशक्तीचा पंप अखंड चालवल्यास हाच आकडा २० युनिटच्या पुढे जातो.

जमीन आणि तळे

काळी माती पाण्याने फुगते व उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर थेट उभारलेल्या बांधकामाला तडे जातात. अशी माती काढून मुरूम भरून दाबून घ्यावा. सिमेंट काँक्रीटऐवजी शेततळ्यासाठी वापरले जाणारे ५०० मायक्रॉनचे प्लास्टिक अस्तरही चालते, मात्र निचऱ्याभोवतीचे जोड कुशल कारागिराकडूनच करून घ्यावेत. नव्या काँक्रीटमधून चुना सुटून सामू वाढतो. तळे भरून आठवडाभर ठेवावे, रिकामे करावे आणि सामू ८.५ च्या खाली स्थिरावेपर्यंत हे पुन्हा करावे.

तळ्याचा काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान एक फूट उंच असावा. शेतातील वाहते पाणी तळ्यात येता कामा नये, कारण सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशकांचा अंशही माशांना घातक ठरतो. वाऱ्याच्या दिशेला फवारणीचे पीक असल्यास तळ्याची जागा बदलावी. फवारणी पंप तळ्यावर कधीही भरू वा धुवू नये. ऊन तीव्र असलेल्या भागात तळ्याच्या काही भागावर शेडनेट लावल्यास पाण्याचे तापमान व शेवाळ दोन्ही आटोक्यात राहतात.

पहिले सहा आठवडे

नव्या गाळणीत जिवाणू नसतात. त्यांची पुरेशी वाढ होण्यास उबदार पाण्यातही साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळात पाच-सहा मासेच सोडावेत, खाद्य अत्यल्प द्यावे आणि अमोनिया व नायट्राइटची तपासणी एक दिवसाआड करावी. आधी अमोनिया वाढतो, तो उतरू लागला की नायट्राइट वाढते. नायट्राइटमुळे माशांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. अशा वेळी हजार लिटरला १ किलो साधे मीठ विरघळवून दिल्यास त्यातील क्लोराइड माशांचे रक्षण करते. दोन्ही आकडे शून्याजवळ स्थिर झाल्यावरच माशांची संख्या टप्प्याटप्प्याने वाढवावी.

हे जिवाणू पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवण्याची क्षमता, वापरून टाकतात. एका ग्रॅम अमोनिया-नत्रामागे ती सुमारे ७ ग्रॅमने खर्ची पडते. आपल्या तळ्यात ही घट दिवसाला लिटरमागे ३.५ मिलिग्रॅम होईल. जड पाण्याच्या प्रदेशात आठवड्याला १० टक्के पाणी बदलल्यास ती बहुतांशी भरून निघते. कोकणासारख्या जांभ्या दगडाच्या व मृदू पाण्याच्या भागात मात्र सामू अचानक कोसळू शकतो. तेथे नियमित तपासणी करून खाण्याचा सोडा थोडाथोडा द्यावा. नळाचे क्लोरीनयुक्त पाणी क्लोरीन काढल्याशिवाय तळ्यात सोडू नये; विंधनविहिरीच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, ते आधी हवेशीर करून घ्यावे. माध्यम धुतानाही तळ्याचेच पाणी वापरावे, नाहीतर जिवाणू मरतात.

वीज गेली तर

३० अंश तापमानाच्या पाण्यात फार तर लिटरमागे ७.५ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तो मासे व गाळणीतील जिवाणू या दोघांनाही लागतो. म्हणून पंप बंद पडला तरी हवेचा पंप बंद पडू नये. १०० वॅटचा हवेचा पंप १५० अँपिअर-अवर बॅटरीच्या घरगुती इन्व्हर्टरवर सुमारे ८ तास चालू शकतो. हवेची एक नळी तळ्यात व एक जैविक कप्प्यात असावी. गाळणी अनेक तास हवेविना राहिली असल्यास त्यातील कुजके पाणी आधी बाहेर सोडावे आणि मगच पंप सुरू करावा.

गाळाचा उपयोग

आठवड्याला निघणारे सुमारे ६,००० लिटर पाणी केळी, नारळ किंवा चारापिकाला देता येते. मात्र अपेक्षा माफक ठेवावी: वर्षभरात पाण्यात येणारे अमोनिया-नत्र सुमारे साडेदहा किलो, म्हणजे युरियाच्या अर्ध्या गोणीएवढे असते. मीठ वापरलेले पाणी पिकाला देऊ नये.

रोग आणि नदी

नवीन मासा थेट तळ्यात सोडू नये. त्याला तीन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत, वेगळ्या जाळ्यासह ठेवावे. माशांवरील ऊ व नांगरकृमी डोळ्यांना दिसतात, पण कोई हर्पीस विषाणूसारखा रोग बाहेरून निरोगी दिसणाऱ्या माशातूनही येऊ शकतो. मासे अधिकृत व परिचित उत्पादकाकडूनच घ्यावेत.

नको झालेला कोई नदीत किंवा तलावात सोडणे कटाक्षाने टाळावे. कार्पची जर्मन जात १९३९ मध्ये निलगिरीत आणण्यात आली, बँकॉक जात १९५७ मध्ये आली. पुढे काश्मीरच्या सरोवरांतील स्थानिक शिझोथोरॅक्स आणि मणिपूरच्या लोकताक सरोवरातील पेंगबा यांच्या ऱ्हासाच्या कारणांत या परक्या माशाचा उल्लेख होतो. म्हणून तळ्याच्या सांडव्याला बारीक जाळी असावी आणि त्याचे पाणी ओढ्याकडे न जाता शेतात मुरावे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शोभिवंत मत्स्य संगोपन व प्रजनन एककांचा समावेश करण्यात आला. केवळ शोभेचे तळे आणि असे उत्पादन एकक या दोन वेगळ्या बाबी आहेत, हे शेतकऱ्यास आरंभीच स्पष्ट करावे व सद्यःस्थिती जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयातून जाणून घ्यावी.

खोदकामापूर्वी शेतकऱ्याला पाच प्रश्न विचारावेत. मासे पूर्ण वाढल्यावर रोज किती खाद्य लागेल? तेवढा अमोनिया पचवणारी गाळणी किती मोठी हवी? कप्प्यांतील घाण पाणी कोठे जाईल? रात्री वीज गेल्यास हवा कशावर चालेल? आणि आठवड्यातून दोनदा गाळणीघरात उतरून ते धुणारी व्यक्ती कोण? पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे अभियंता देऊ शकतो. पाचव्याचे उत्तर घरातूनच यावे लागते. ते मिळत नसेल, तर तळ्याचा आकार निम्मा करण्याचा सल्ला द्यावा. लहान पण नियमित निगा राखलेल्या तळ्यात कोई अनेक दशके जगू शकतो.