गुडघा सावरतो, मन बिचकतं

१३ सप्टेंबर २०२५ला टोकियोत जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेऱ्या झाल्या. त्याच दिवशी बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या स्टीपलचेस धावपटू अविनाश साबळेला ३१ वर्षं पूर्ण झाली. मे महिन्यात कोरियातल्या गुमी इथं त्यानं आशियाई सुवर्णपदक जिंकलं होतं, टोकियोचं तिकीटही पक्कं होतं. पण ११ जुलैला मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये पाण्याच्या अडथळ्यापाशी तो पडला. गुडघ्यातलं एसीएल हे लिगामेंट फाटलं, गादीलाही इजा झाली. मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि हंगाम तिथंच संपला.

बातमी एवढीच असते. खरं काम त्यानंतर सुरू होतं, आणि त्यातलं निम्मं गुडघ्याच्या बाहेर चालतं.

एसीएल मांडीचं हाड आणि नडगीचं हाड आतून धरून ठेवतं. फाटलं की ते सहसा आपोआप नीट सांधलं जात नाही, म्हणून शरीरातलीच दुसरी कंडरा काढून तिथं बसवतात. नव्या जागी तिला रक्तपुरवठा मिळून ती रुजायला कित्येक महिने लागतात. गंमत अशी की सुरुवातीच्या महिन्यांत ती सर्वांत नाजूक असते, आणि नेमक्या त्याच सुमारास दुखणं ओसरलेलं असतं. ‘आता दुखत नाही, म्हणजे बरा झालो’ हा हिशेब तिथंच चुकतो. बहुतेक तज्ज्ञ किमान नऊ महिने खेळात परतू नका म्हणतात ते यासाठी.

दुसरी गोष्ट मांडीची. सांध्यात सूज असली की मज्जासंस्था मांडीच्या पुढच्या स्नायूला स्वतःहून आवरतं घेते. माणूस जोर लावतो, स्नायू आखडायचं नाव घेत नाही. घरचे म्हणतात, मन लावून व्यायाम करत नाही. बिचाऱ्याच्या इच्छेचा इथं काही संबंध नसतो. सूज उतरवणं आणि स्नायू पुन्हा जागा करणं हे फिजिओथेरपीचं काम आहे, आणि ते रोज, कंटाळा येईपर्यंत करावं लागतं.

एवढं सगळं जमलं तरी भीती उरते. क्लेअर आर्डर्न आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये एसीएल शस्त्रक्रियेनंतरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. सुमारे ८१ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या खेळात परतले होते, पण पूर्वीच्या पातळीवर ६५ टक्केच, आणि स्पर्धेत तर ५५ टक्केच. न परतणाऱ्यांत पुन्हा दुखापत होईल ही धास्ती वारंवार दिसते. स्टीपलचेसमध्ये ही धास्ती फार महाग पडते. २८ अडथळे, सात वेळा पाणी, आणि पुरुषांसाठी ९१.४ सेंटिमीटर उंचीचा लाकडी ओंडका, जो धडक बसली तरी पडत नाही. त्याच्या अलीकडे पाऊल बिचकलं, लय तुटली, की धावपटू त्या बिचकण्यामुळेच आपटतो.

अविनाशला दुखापत नवी नाही. २०१८च्या हंगामात दुखापतींनी त्याला गाठलं आणि आशियाई खेळांची पात्रता हुकली. त्याच वर्षी भुवनेश्वरला ८ मिनिटं २९.८० सेकंदांत धावून त्यानं गोपाळ सैनी यांचा ३७ वर्षं टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. हे सांगताना मी जरा सांभाळून सांगतो, कारण बीडमध्ये अशा गोष्टीचं लगेच जिद्दीवरचं भाषण होतं.

आपल्याकडे दुसरंही उदाहरण आहे. पाटोद्याच्या राहुल आवारेनं २०१८च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत अंतिम कुस्ती जांघेची दुखापत सोसत १५-७नं जिंकली. कौतुक करायलाच हवं. पण ती वर्षानुवर्षांच्या तयारीनंतरची शेवटची कुस्ती होती. सरावात रोज तसं वागणं म्हणजे शौर्य नव्हे.

आणि नेमकं तेच पहाटे आपल्या डांबरी रस्त्यांवर चालतं. भरतीची पोरं-पोरी अंधारात धावत असतात. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. ‘ग्राउंड’ची, म्हणजे मैदानी चाचणीची, तारीख आली की अंतर एकदम वाढतं, बूट झिजलेले असतात, नडगी ठणकायला लागते. मग वेदनाशामक गोळी घेऊन पळायचं. नडगीच्या हाडाला बारीक तडा असेल तर तो वाढतो. पण वय उलटत चाललंय, आईवडील उसाच्या फडात आहेत, अकॅडमीची फी भरलीय. अशा वेळी ‘विश्रांती घे’ हा सल्ला पोराला शिक्षेसारखा वाटतो. त्याची भीती दुखण्यापेक्षा मोठी असते, कारण धावणं गेलं तर आपण कोण, हा प्रश्न त्याला पडलेला असतो.

यावर ‘घाबरू नको’ म्हणून काही होत नाही. भीती पुराव्यानं कमी होते. आधी चालणं, मग जिना, मग हळू धाव, मग उडी. प्रत्येक पायरी दुखणं-सूज न वाढता पार पडली की मन आपोआप एक पाऊल पुढं टाकतं. कॅलेंडर बघून नव्हे, दोन्ही पायांची ताकद मोजून पुढं जायचं. मधल्या काळात चांगल्या पायाचा व्यायाम थांबवू नये. त्याचा थोडा फायदा दुखऱ्या पायालाही मिळतो. डोळे मिटून अडथळा पार करण्याची उजळणी खेळाडू करतात, तीही उपयोगी पडते. आणि मैदान सोडू नये. घड्याळ धरून दुसऱ्याची वेळ नोंदवावी, पण खोलीत एकट्यानं पडून मोबाइलवर दुसऱ्यांच्या धावा बघत बसू नये.

झोप उडाली, जेवण तुटलं, दोन आठवड्यांहून जास्त काळ काहीच नको वाटलं, तर ते आळस समजून सोडून देऊ नका. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ शासकीय रुग्णालयात हाडांसाठी केसपेपर काढता तसा मनासाठीही काढता येतो. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. भरती अकॅडमी चालवणाऱ्यांनी तो मैदानाच्या फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.